कारखानदार महाशय, चक्कीचे दाते कुठे आहेत?

मिरी आणि कॉफी या दोन्हींसाठी एकच हातचक्की बनवून विकणाऱ्या कारखानदारांस,

पत्राची सुरुवात तुमच्या नावाने केली असती, पण ते तुम्ही खोक्यावर छापलेलंच नाही. खोक्यावर वाफाळता कप आहे, मिरीचे विखुरलेले दाणे आहेत, चकचकीत नळीचा फोटो आहे आणि ठळक अक्षरांत 'प्रीमियम', 'स्टेनलेस स्टील', 'कॉफी अँड पेपर ग्राइंडर' असं लिहिलेलं आहे. बनवणाऱ्याचा पत्ता नाही, महिना-वर्ष नाही, माल कोणत्या देशातला ते नाही, तक्रारीला फोन नंबर नाही. ज्याला आपल्या कामाचा अभिमान असतो तो आधी नाव घालतो. तुम्ही ते लपवलंत, आणि चक्की उघडल्यावर त्याचं कारण कळलं.

मी शहाडचा. सेंच्युरी रेयॉनच्या आसऱ्याने वाढलेल्या या वस्तीत फिटर, टर्नर, वेल्डर गल्लोगल्ली सापडतील. मीही फिटरच, आता निवृत्त. बिल्डिंगमधली बिघडलेली वस्तू माझ्या टेबलावर येते आणि हल्ली तुमच्या चक्क्या येतात. कुणी स्टेशनबाहेरच्या फुटपाथवरून घेतलेली, कुणी आषाढीला बिर्ला मंदिराच्या रस्त्यावर, कुणी मोबाइलवरून मागवलेली. सगळ्यांची तक्रार एकच: हँडल फिरतं, पण दळण पडत नाही, पडलं तर अर्धं पीठ आणि अर्धा भरडा. आत काय आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. ज्यांनी पैसे मोजले त्यांना ते दिसत नाही, म्हणून इथे लिहितो.

चक्कीत कामाची गोष्ट एकच असते. बाहेर एक दातेरी कडं, त्याच्या आत फिरणारा दातेरी शंकू, आणि त्या दोघांमधलं अंतर. दाणा त्या अंतरातून खाली सरकताना फुटतो. अंतर चहूबाजूंनी सारखं राहिलं तर पूड सारखी पडते. ते हललं तर पूड बिघडते. नळी, झाकण, रंग, पॉलिश हे सगळं त्या अंतराच्या चाकरीला असतं. चांगल्या चक्कीत मधला शाफ्ट वर आणि खाली अशा दोन ठिकाणी धरलेला असतो, दोन्हीकडे बॉल बेअरिंग असतं, आणि त्या दोन बेअरिंगच्या जागा एका रेषेत असतात. तुमच्या चक्कीत शाफ्ट एकाच ठिकाणी धरलाय, तोही प्लॅस्टिकच्या बुशमध्ये, आणि बुशचं भोक शाफ्टपेक्षा सैल. शंकू नुसत्या बोटाने डुलतो. हा प्ले मोजायला डायल गेज लागत नाही, उघड्या डोळ्यांना दिसतो. हँडल ओढताना हाताचा जोर एका बाजूला जातो, शंकू त्या बाजूच्या दात्यांवर घासतो आणि समोरच्या बाजूला फट रुंदावते. अर्ध्या फेऱ्यानंतर उलटं. एका बाजूने धूळ पडते, दुसऱ्या बाजूने दाण्याचे तुकडे तसेच निसटतात. धातूवर धातू घासल्याची खरखर ऐकू येते तेव्हा तुमचे दातेही झिजून त्याच पुडीत पडत असतात.

दाते कशाचे आहेत तेही पाहिलं. कानस मारली. पाणी दिलेल्या पोलादावर कानस नुसती घसरते, धरत नाही. तुमच्या शंकूला तिने सहज ओरबाडलं आणि वरचा चकचकीत मुलामा निघून खाली करडा, मऊ धातू उघडा पडला. ते जस्ताच्या मिश्रधातूचं डाय-कास्ट आहे. साच्यात ओतून काढलेले दाते आहेत ते. त्यांना धार कधी नव्हतीच, फक्त दात्यांचा आकार होता. खोक्यावरचं 'स्टेनलेस स्टील' हे फक्त बाहेरच्या नळीबद्दल खरं आहे. ज्या भागाचा दळण्याशी संबंध नाही तिथे तुम्ही स्टील वापरलंत, आणि ज्याने दळायचं तिथे जस्त. याला मी फसवणूक म्हणतो.

नळीचं स्टील दात्यांना वापरलं असतं तरी भागलं नसतं. 'स्टेनलेस' हा शब्द दाखवून लोकांना गप्प करणारे तुम्ही एकटे नाही, म्हणून हेही सांगतो. घरातले चांगले डबे, ताटं, पातेली ज्या ३०४ ग्रेडची असतात त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. ते गंजत नाही, पण तापवून आणि विझवून ते कडक करता येत नाही. दात्याला लागतं ४२० सारखं पोलाद: क्रोमियम १२ ते १४ टक्के, निकेल जवळजवळ नाही, कार्बन जास्त. त्याला उष्णतेने कडक करता येतं आणि धार धरून ठेवता येते. म्हणून चांगली चक्की बनवणारा दात्यांच्या पोलादाचा ग्रेड सांगतो. काही दुकानदार लोहचुंबक चिकटवून दाखवतात. ३०४ ला तो सहसा चिकटत नाही, ४२० ला चिकटतो, हे खरं. पण कडक न होणाऱ्या स्वस्त ४३० लाही तो चिकटतो. चुंबकाने अर्धीच गोष्ट कळते.

सिरॅमिकच्या दात्यांचं वेगळं. ते पोलादापेक्षा कठीण असतात, गंजत नाहीत, आणि उल्हास नदीकाठच्या आमच्या पावसाळ्यात ही काही लहान गोष्ट नाही. मिठासाठी तर सिरॅमिकच हवं, कारण मीठ साध्या पोलादाला खातं. पण सिरॅमिक ठिसूळ असतं. मिरीत एखादा खडा निघाला तर त्याचा टवका उडतो, आणि पोलादाइतकी तीक्ष्ण कड त्याला ठेवता येत नाही. कॉफीचा दाणा ते कापण्यापेक्षा चिरडतं जास्त. मिरीपुरती काचेच्या बरणीवरची सिरॅमिकची साधी चक्की वाईट नसते. तिच्यावर कॉफीचा फोटो छापला की ती खोटी होते.

आता ज्या दोन जिनसांची नावं तुम्ही एका खोक्यावर शेजारी छापली आहेत, त्यांच्याकडे वळतो.

कॉफी आमच्याकडे कालपरवा आलेली नाही. मराठी घरांत पाहुणे आले की वेलची-जायफळ घातलेली दुधाळ कॉफी होत आली आहे. डोंबिवली-कल्याणच्या दाक्षिणात्य घरांत फिल्टरमधून डिकॉक्शन उतरतं. त्या फिल्टरच्या वरच्या भांड्याला बारीक भोकं असतात. तुमच्या चक्कीतली धूळ त्यांत बसते आणि पाणी उतरायचं थांबतं. जाड तुकडे आतपर्यंत भिजतच नाहीत. धुळीतून नको तितका कडूपणा उतरतो, तुकड्यांतली चव मात्र तुकड्यांतच राहते आणि उतारा आंबट, पाणचट लागतो. दोन्ही दोष एकाच कपात येतात, आणि घरच्यांना वाटतं की बियाच वाईट होत्या. दोष जातो दुकानदारावर, भाजणाऱ्यावर, शेवटी शेतकऱ्यावर. मला सगळ्यात जास्त चीड याची येते. आपल्या महाराष्ट्रात कॉफी पिकते ती अमरावती जिल्ह्यात, चिखलदऱ्याच्या डोंगरावर. देशातली बहुतेक कर्नाटकात. लाल झालेलं फळ वेचायचं, सोलायचं, वाळवायचं, प्रतवारी करायची. मग भाजणारा मिनिटामिनिटाला रंग आणि वास पाहत उभा राहतो. एवढ्या हातांनी जपलेला दाणा शेवटच्या पायरीवर तुमच्या प्लॅस्टिकच्या बुशपाशी येऊन वाया जातो. पूड एकसारखी नसेल तर पाणी, दूध, फिल्टर काहीही बदललं तरी कप सुधारत नाही.

मिरीचं काम याच्याहून वेगळं आहे. सिंधुदुर्गात सुपारीच्या, माडाच्या खोडांवर चढवलेल्या मिरवेली पाहिल्यात का कधी? त्या वाळलेल्या दाण्यात दोन गोष्टी असतात. तिखटपणा देणारं पायपरीन, ते पटकन उडून जात नाही. आणि वास देणारं तेल, ते पूड झाल्याबरोबर उडायला लागतं. म्हणून जुनी मिरपूड जिभेला झोंबते पण तिला वास नसतो. आयत्या वेळी दळायची ती या वासासाठी. दुसरं कारण भेसळीचं. अख्ख्या मिरीत पपईच्या बिया मिसळतात, पण त्या निदान दिसतात, आणि पाण्यात टाकल्या तर वर तरंगतात, मिरी तळाला बसते. पूड झाल्यावर काय मिसळलंय ते घरी कळायचं नाही. मिरी घरी दळणारा माणूस शुद्ध खायचं म्हणून हा त्रास घेतो. त्याच्या ताटात तुमचा मुलामा खपल्या होऊन पडतो.

मिरीचा दाणा पाचेक मिलिमीटरचा, गोल. कॉफीची बी त्याच्या जवळपास दुप्पट लांब, एका बाजूने सपाट. मिरीच्या चक्कीचा घसा कॉफीच्या बीला अरुंद पडतो. ती वरच्या वर अडकते, हँडल मोकळं फिरत राहतं. घसा कॉफीइतका मोठा ठेवला तर मिरीचा दाणा धरला न जाता घरंगळत खाली जातो. मिरीला एका वेळी चिमूटभर पूड हवी, कॉफीला एका माणसामागे पंधरा-वीस ग्रॅम. मिरीच्या चक्कीत जाडबारीक करायचा नॉब डोक्यावर असतो, तो हँडल मारताना सैल होतो आणि चिमूटभर मिरीला ते चालून जातं. कॉफीला ते चालत नाही. तिला काल ज्या खाचेवर दळली त्याच खाचेवर आज दळता आलं पाहिजे. आणि तेलाचं काय? मिरीचं तेल दात्यांना चिकटून राहतं. त्यात दुसऱ्या दिवशी कॉफी दळून तुम्ही स्वतः प्यालात का? चक्की बनवणाऱ्याने ती घरी एकदा तरी वापरलेली असावी, एवढी साधी अपेक्षा तुम्ही पूर्ण करत नाही.

हे काम नीट करणारे जगात आहेत. फ्रान्सचं पूजो घराणं मोटारींच्या खूप आधी करवती बनवायचं. त्यांचं सिंहाचं बोधचिन्ह १८५८ साली नोंदवलं गेलं, ते करवतीच्या दात्यांच्या मजबुतीची खूण म्हणून. १८४० साली त्यांनी कॉफीची चक्की काढली, आणि मिरीची चक्की १८७४ साली, वेगळी. मधल्या चौतीस वर्षांत कॉफीच्याच खोक्यावर 'मिरीसाठीही' असं छापून त्यांना मोकळं होता आलं असतं. त्यांनी तसं केलं नाही, कारण दाणा वेगळा म्हणजे दाता वेगळा हे त्यांना कळत होतं. त्यांच्या मिरीच्या चक्कीत वरचे मोठे, तिरके दाते दाणा पकडून आधी तडकवतात आणि मग खालच्या बारीक दात्यांकडे देतात, आणि दात्यांचं पोलाद वरून कडक केलेलं असतं. याच पूजोची ३०९ ही गाडी १९९० च्या दशकात प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या भागीदारीत आमच्या कल्याणच्या कारखान्यातून निघत होती. ती भागीदारी काही वर्षांतच मोडली. पण मिरीच्या चक्कीपासून मोटारीपर्यंत गेलेल्या घराण्याची गाडी जिथे जुळली, त्याच तालुक्यात तुम्ही हा माल विकता आहात.

आणि फ्रान्सपर्यंत कशाला जायचं? आमच्या आज्यांच्या जात्यात तुमच्या चक्कीपेक्षा जास्त अभियांत्रिकी होती. वरची तळी मधल्या खिळ्यावर बेतून बसवलेली असायची, कारण ती डुलली तर पीठ जाडबारीक पडतं हे त्यांना माहीत होतं. दाते बोथट झाले की 'टाकी लावायची का' अशी हाळी देत माणूस दारावर यायचा, दगडावर बसून छिन्नीने नव्या खाचा पाडून द्यायचा, आणि जातं पुन्हा धान्य धरायला लागायचं. दाता झिजतो, त्याला पुन्हा धार लावायची असते, हे त्या व्यवस्थेत गृहीत होतं. तुमच्या चक्कीत शंकू बदलून मिळत नाही, बुश सुटं मिळत नाही, हँडलचं षटकोनी भोक मऊ धातूत पाडलेलं असल्यामुळे ते गोल होतं आणि नवं हँडल मिळत नाही. शंकू बाहेर काढायला स्क्रू सुद्धा ठेवलेला नाही, नुसता दाबून बसवलाय. म्हणजे ती उघडली जाऊ नये अशीच बनवली आहे.

हँडलचंच घ्या. फिरवायचा जोर हँडलच्या लांबीवर ठरतो. लांबी निम्मी केली की ताकद दुप्पट लागते. तुम्ही खोकं लहान व्हावं म्हणून हँडल तोकडं केलंत. कमी भाजलेली बी कडक असते, तोकड्या हँडलने ती फोडताना म्हाताऱ्या माणसाचं मनगट दुखावतं. माझ्याकडे चक्क्या घेऊन येणाऱ्यांत साठी ओलांडलेल्या बायका जास्त आहेत. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं म्हणून ताटावर ताजी मिरी भुरभुरावी, एवढीच त्यांची इच्छा असते.

तुमची चक्की पाहिली की लोक हसून म्हणतात, 'उल्हासनगरचा माल असणार.' हे मला सहन होत नाही. शहाड स्टेशनवर उतरलं की एका अंगाला उल्हासनगरच लागतं. फाळणीत सगळं गमावून आलेल्या माणसांच्या छावणीला १९४९ साली ते नाव मिळालं, आणि त्यांनी लष्कराच्या बराकींतून कारखाने उभे केले. तिथे आजही लेथवर असे कारागीर बसतात, जे दोन्ही बेअरिंगच्या सीट एकाच सेटिंगमध्ये, काम न सोडवता टर्न करून देतात, म्हणजे दोन भोकं आपोआप एका रेषेत येतात. चांगल्या चक्कीला हेच कौशल्य लागतं. तो कारागीर तुमच्यासाठी काम करत असेल तर त्याच्याकडून हे करून घ्या आणि त्याचा मोबदला द्या. तुमच्या कंजूषपणाचा डाग त्या गावावर नको.

तुम्ही म्हणाल, स्वस्तातली वस्तू आहे, गरिबाला परवडते. हे सोंग बंद करा. ज्याच्याकडे चारशे-पाचशे रुपयेच आहेत त्याला ती वस्तू वर्षानुवर्षं चालायला हवी असते, आणि तुम्ही त्यालाच गाठता. तेवढ्या पैशांत चांगला जड खलबत्ता येतो. त्यात मिरी जाड हवी तर जाड, बारीक हवी तर बारीक कुटता येते आणि तो नातवंडांपर्यंत टिकतो. कॉफी दळून देणारी दुकानं कल्याण-डोंबिवलीत आहेत; समोर दळून देतात, फिल्टरसाठी सांगितलं तर तशी दळतात. तुमच्या चक्कीने गरिबाला काही मिळवून दिलं नाही. त्याचे पैसे घेतले आणि त्याला पुन्हा खलबत्त्याकडे पाठवलं.

माझी मागणी साधी आहे. दोन वेगळ्या चक्क्या बनवा. दाते कोणत्या धातूचे, कोणत्या ग्रेडचे, कडक केलेले की नाही, हे खोक्यावर छापा. शाफ्ट दोन ठिकाणी धरा. शंकू, कडं आणि हँडल सुटी विका. आणि स्वतःचं नाव घाला. ते घालणं तुमच्या मर्जीवर नाही. वजन-मापांच्या कायद्याखालच्या २०११ च्या आवेष्टित वस्तू नियमांनुसार बनवणाऱ्याचं किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, सर्व करांसह किंमत, आयात माल असेल तर मूळ देश आणि तक्रारीचा संपर्क खोक्यावर असलाच पाहिजे. जस्ताच्या दात्यांच्या चक्कीवर 'स्टेनलेस स्टील' छापून विकणं हा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या नजरेत अनुचित व्यापारी प्रथा आहे. ते काम तुम्ही आमच्या स्टेशनच्या दारात करता आहात.

आणि हे वाचणाऱ्या शहाड, कल्याण, डोंबिवलीच्या लोकांनो, दुकानात चक्की हातात घेतली की आधी झाकण काढा आणि आतला शंकू दोन बोटांनी हलवून पाहा. डुलला तर परत ठेवा. उघडून दाखवायला दुकानदार तयार नसेल तरी परत ठेवा. खोक्यावर नाव-पत्ता नसेल तर किंमत विचारूच नका. घेऊन झाली असेल आणि बिघडली असेल तर फेकू नका. चक्की, खोकं आणि पावती जपून ठेवा, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा, आणि तरीही दाद मिळाली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करा. ती ऑनलाइनही करता येते, वकील लागत नाही. चक्की उघडून दात्यांचे फोटो काढायला मदत हवी असेल तर ती मी करेन.

एक निवृत्त फिटर,
शहाड